विष सापाचे, मृत्यू विलंबाचा
(कन्हेरी, ता. बारामती येथे ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



जगातील सर्वांत जहाल सर्पविष ऑस्ट्रेलियातील इनलँड तायपान या सापाचे मानले जाते. तरीही त्याच्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही. तो मनुष्यवस्तीपासून दूर राहतो आणि दंश झालेल्यांना प्रतिविष मिळाले. आपल्या देशात मात्र २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार!

आपल्याकडे मुख्यतः चार विषारी साप माणसाच्या जिवावर उठतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पोट दुखते म्हणून घरचे ओवा देतात आणि पहाटे रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात.

पुष्कळ ठिकाणी दंश झालेल्यास आधी मांत्रिकाकडे किंवा देवळात नेतात. साप बिनविषारी असला, किंवा विषारी सापाने विष सोडलेच नसले, तर रुग्ण बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. विष भिनले असेल, तर तोच तास जिवावर बेततो. कन्हेरीच्या मारुतीरायावर आपली श्रद्धा आहे; त्याला वाटेवरूनच हात जोडावेत, गाडी थांबवू नये.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णास चालवू नये. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. घोड्यांच्या रक्तापासून बनणारी आपल्याकडील प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ दवडू नये.

नारायणगावी डॉ. सदानंद व डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशावरील उपचार व लोकजागृतीचे मोठे कार्य उभे केले आहे. ग्रामीण भागातही हे साधते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.

रात्री उसाला दारे धरताना पायांत गमबूट व हाती बॅटरी असावी. पाचटात हात घालू नये. खाटेवर, मच्छरदाणी लावून झोपावे. आणि दंश झालाच, तर अर्ध्या रात्रीही आमचे दार ठोठावावे. रुग्ण उशिरा आला, तर आमच्या हाती फारसे काही उरत नाही, याचे दुःख आम्ही जाणतो. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.