घरची दुखणी आणि बोटांचा दाब

कारवारहून जोयड्याकडे येताना कद्रा मागे पडले की अणशीचा घाट लागतो. वळणामागून वळण येते, बस डावीउजवीकडे झुकू लागते आणि खिडकीपाशी बसण्यासाठी प्रवाशांची घाई सुरू होते. मळमळ हा काही मोठा रोग नव्हे. परंतु ज्याला ती होते त्याला त्या घटकेपुरते दुसरे काही सुचत नाही. एकदा याच घाटात माझ्या शेजारी बसलेल्या एका कुणबी आजीबाई आपले मनगट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून स्वस्थ बसल्या होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "सुनेनं शिकवलंय. असं धरलं की पोटात ढवळत नाही."

आजीबाईंच्या अंगठ्याखाली जी जागा होती तिला चिनी वैद्यकात ‘नेइग्वान’, म्हणजे आतला दरवाजा, असे म्हणतात. शरीरावरील अशा ठराविक जागा बोटांनी दाबून दुखणे हलके करण्याच्या रीतीला ॲक्युप्रेशर हे नाव पडले आहे. त्याच जागी बारीक सुया टोचल्या की ते ॲक्युपंक्चर. ही विद्या चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपासून चालत आली आहे. १९३८ साली चीनच्या मदतीस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकून आले आणि कलकत्त्यास त्यांनी तिचे उपचार सुरू केले. सुईला शिकलेला हात लागतो. बोटाला मात्र थोडी माहिती आणि पुष्कळ सबुरी एवढेच पुरते.

दाबल्याने बरे का वाटते? शरीरातील वाहिन्यांमधून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, असे चिनी वैद्य मानीत. शरीर उघडून पाहणाऱ्यांना अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. परंतु मुलाच्या डोक्याला टेंगूळ आले की आई ते चोळते आणि मूल रडायचे थांबते, हा अनुभव खोटा नाही. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा एक खुलासा मांडला. स्पर्शाची आणि दाबाची जाणीव पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचली की वेदनेच्या संदेशाची वाट काही अंशी अडते. शिवाय आखडलेला स्नायू दाबाने सैल होतो. तळपायाच्या एका ठिपक्यावर यकृत आणि दुसऱ्यावर मूत्रपिंड दाखविणारे नकाशे बाजारात मिळतात. त्यांना मात्र असा आधार मिळालेला नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नखे कापलेली असावीत. अंगठ्याचा मऊ भाग जागेवर ठेवून दाब हळूहळू वाढवावा. दुखावे, पण ते दुखणे सोसवेल इतकेच असावे. मिनिट-दोन मिनिटे धरून, श्वास संथ ठेवून, दाब हळूहळूच सोडावा. दिवसातून दोन-तीन वेळा एवढे पुरे.

मळमळीसाठी मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या बेचक्यात दाबावे. या जागेचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. २०१५ साली ५९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या जागेला चेतना देण्याचा गुण नेहमीच्या औषधांच्या जवळपास दिसून आला. घाटातल्या मळमळीविषयी पुरावा इतका भक्कम नाही; पण करून पाहण्यात काही जात नाही.

मान आखडून डोके दुखत असेल तर कवटीच्या खाली, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरील खळग्यांत दोन्ही अंगठे ठेवून वरच्या दिशेने दाबावे. डोकेदुखीसाठी दुसरी जागा हातावर आहे. अंगठा आणि तर्जनी जुळविली असता जो उंचवटा येतो, त्याच्या माथ्यावर तर्जनीच्या हाडाकडे दाब द्यावा. गरोदर स्त्रियांनी मात्र ही जागा आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या जागा दाबू नयेत, असा जुन्या जाणत्यांचा दंडक आहे. तो पाळावा.

चालून पाय भरून आले असतील तर गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे मोजावीत आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर सरकावे. या जागेच्या चिनी नावाचा अर्थ ‘पायाचे तीन ली’ असा आहे. ली हे अंतराचे माप. ही जागा दाबली की थकलेला वाटसरू आणखी तीन ली चालतो, अशी समजूत. लावणीत दिवसभर वाकून किंवा कंद खणून कंबर धरली असेल तर घरातल्या कोणीतरी कण्यापासून दोन बोटे दूर, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर अंगठ्यांनी दाब द्यावा. कण्याच्या हाडावर कधीही दाबू नये. जखम, गळू, सूज, फुगलेल्या शिरा किंवा मोडलेले हाड यांवरही बोट लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. जोयडा हा जंगलाचा तालुका. वस्त्या विरळ, दवाखाना लांब. म्हणून घरच्या उपायाचे मोल इथे अधिक, आणि त्याचा धोकाही इथेच अधिक. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही त्याचे रुग्ण आढळले. २०१५ साली गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात तो पसरला. गोचिडीच्या चाव्यातून येणारा हा ताप बहुधा डिसेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे आपली माणसे लाकूडफाट्यासाठी आणि पालापाचोळ्यासाठी रानात जातात त्याच दिवसांत, उसळतो. आणि त्याची सुरुवात कशाने होते? एकाएकी ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे आणि अंग मोडून येणे. म्हणजे ज्या तक्रारींसाठी आपण अंगठा पुढे करतो, त्याच या तक्रारी.

म्हणून घरात एक नियम असू द्यावा. अंगठा लावण्याआधी तळहात कपाळावर ठेवावा. अंगात ताप असेल, आणि माणूस रानात जाऊन आलेला असेल, तर दाबत बसू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि रानात गेल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. छातीत कळ येऊन घाम सुटणे, अचानक असह्य डोके दुखणे, बोलणे अडखळणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे आणि सर्पदंश, यांनाही हाच नियम.

त्या आजीबाई कुंभारवाड्याला उतरल्या. उतरताना मी विचारले, "डोकं दुखलं तरी असंच दाबता का?" त्या म्हणाल्या, "दाबते. पण आधी सून अंगाला हात लावून बघते."

त्या सुनेला आपल्या सासूच्या मनगटावरची जागा ठाऊक होती, आणि त्या जागेची मर्यादाही ठाऊक होती. श्रोतेहो, आपल्या घरी यांतील पहिली गोष्ट शिकवाल तेव्हा दुसरीही तिच्याबरोबर शिकवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.