हिशेबात न धरलेले तास



स्पोर्ट्स कार म्हटली की श्रीमंती डोळ्यांपुढे येते. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे ती तशी नाही. एमजीबी ही दोन आसनांची उघडी गाडी नोकरदार माणसाला परवडावी म्हणूनच काढली होती. १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावात, तिच्या आणि तिच्या टपवाल्या भावंडाच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या. इंजिन कॉव्हेंट्रीहून यायचं, बॉडी स्विंडनहून यायची, आणि अ‍ॅबिंग्डनचे कामगार गाडी हातांनी ढकलत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेत जोडणी करायचे.

तिचं इंजिन तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचं आहे, फक्त तुम्हाला ते ठाऊक नसेल. आपल्या अ‍ॅम्बेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. ज्या मिस्त्रीने कधी अ‍ॅम्बेसिडरचं हेड उतरवलं असेल, त्याला एमजीबीच्या बॉनेटखाली परकं असं फार थोडं सापडेल.

मी इंग्लंडात राहतो. तिथे घराला लागून असलेल्या एका गाडीपुरत्या गॅरेजात मी १९६९ सालची एमजीबी पूर्ण खोलली आणि पुन्हा उभी केली. मी मेकॅनिक नाही. माझ्यासारखी हौशी माणसं त्या देशात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या कामाला लोक समजतात त्यापेक्षा फार मोठी किंमत आहे, हे मला आज सांगायचं आहे. कारण साधं आहे. गंजलेली एमजीबी एखाद्या नामांकित गॅरेजात दिली, तर नुसत्या पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाचं बिल तयार गाडीच्या बाजारभावापर्यंत सहज पोचतं. पैशाच्या हिशेबाने ती गाडी भंगारातच जायला हवी. दुर्मीळ जॅग्वार किंवा अ‍ॅस्टन मार्टिनचं तसं नसतं, तिच्या किमतीत मजुरी भरून निघते. पण सामान्य माणसासाठी काढलेली सामान्य गाडी वाचवायची, तर कुणीतरी आपले तास हिशेबात न धरता द्यावे लागतात. ते हौशी माणूस देतो.

हे तास सगळ्यात जास्त कुठे जातात? लोकांना वाटतं, इंजिनात. ते जातात पत्र्यात. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. ती भक्कम असली की वरचा पत्रा कितीही सडला तरी गाडी उभी राहायची. एमजीबीत वेगळी चासीच नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यातून वर टप नाही. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका जसा हातात पिळवटतो, तशी ही बॉडी पिळवटू पाहते. तिला सरळ ठेवतात त्या दोन्ही दारांखालून जाणाऱ्या लांब पोकळ पेट्या. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून जो पत्रा दिसतो तो एकच थर. त्याच्या आत एक उभा पडदा असतो आणि खाली, फरशीच्या पत्र्याला जोडून, कासल रेल नावाची पट्टी असते. तिन्ही मिळून ताकद येते.

आणि नेमकी तीच जागा सडते. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या आत साचतो. हिवाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, ते त्या चिखलात मुरतं. पाणी निघून जायची भोकं बुजतात आणि सिल आतून सडायला लागते. बाहेरचा रंग चकचकीत असतो. आतला पडदा नाहीसा झालेला असतो. अशा गाडीची परीक्षा करायची एक जुनी रीत आहे: एका बाजूला जॅक लावून गाडी उचलायची आणि दाराची फट पाहायची. फट मिटत आली, दार अडकायला लागलं, तर सांगाड्यात जीव उरलेला नाही असं समजावं.

यावर बाजारात एक सोपा उपाय चालतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. सडलेल्या सिलवर नवा पत्रा झाकायचा, कडेने वेल्डिंगचे टाके मारायचे, वर लांबी भरायची आणि रंग मारून विकायचं. पुढच्या माणसाच्या बायकामुलांचा जीव त्या टाक्यांवर असतो. खरं काम करायचं तर पुढचं मडगार्ड सोडवावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिलची टोकं त्यांच्यामागे दडलेली असतात. कापण्याआधी दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टी वेल्ड करून चौकट जखडून टाकायची. गाडी घोड्यांवर सपाट बसली आहे ना, हे पाहायचं. एका वेळी एकच बाजू उघडायची. नवा भाग क्लॅम्पने धरायचा, दार लावून पाहायचं, फट पुन्हा मोजायची, आणि मगच वेल्डिंग. तेही सलग नाही. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो उष्णतेने आकसून वाकतो. धंद्यातल्या माणसाला हे थांबणं परवडत नाही. घरच्या गॅरेजात थांबायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं शक्य होतं ते सुटे भाग मिळतात म्हणून. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने स्विंडनच्या जमान्यातले मूळ साचे शोधून गोळा केले आणि १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण बॉडी पुन्हा तयार करायला सुरुवात केली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर नवी कोरी बॉडी! १९९२ साली त्याच बॉडीच्या आधाराने एमजी आरव्ही-८ ही गाडी निघाली आणि तिच्या बहुतेक प्रती जपानला गेल्या. तरीही शक्य असेल तिथे जुनी बॉडीच वाचवावी, या मताचा मी आहे. नवी बॉडी घेतली की गाडी लवकर होते, चांगली होते. पण साठच्या दशकात ज्या पत्र्याला कामगारांचे हात लागले तो पत्रा मग भंगारात जातो.

इंजिनाबद्दल फार वेळ घेत नाही. हौशी माणसाने ते उतरवावं, खोलावं, मोजमाप घ्यावं, आणि सिलिंडरचं बोअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग लेथवाल्या जाणकाराकडे द्यावं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ब्रिटनमध्ये शिसं घातलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या सुरुवातीला बंद झाली. त्या शिशाचा एक थर व्हॉल्वच्या बैठकींना झीज होण्यापासून वाचवत असे. म्हणून हेड उघडलेलंच असेल तर कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतात. २०२१ पासून पंपावर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल आलं. ते जुन्या रबरी नळ्या खातं, तेव्हा नळ्याही बदलायच्या.

कार्बुरेटरवर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण त्याच्याइतकी सुंदर वस्तू या गाडीत दुसरी नाही. बहुतेक एमजीबींना दोन एसयू कार्बुरेटर असतात. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही रचना काढली. त्यांच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा, आणि सुरुवातीच्या एसयूत कातड्याचा भाता असे. पुढे त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन हवा ओढतं तसा पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या तळाशी निमुळती सुई असते, ती जेटमधून वर सरकते आणि हवेच्या मापाने पेट्रोल सोडते. याला ना कॉम्प्युटर लागतो, ना सेन्सर.

त्याचं ट्यूनिंग कानाने करतात. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी. दोन्हींचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग पिस्टन हलकेच, अगदी केसभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडू लागलं तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. हे समजायला पुस्तक पुरतं, पण जमायला कान तयार व्हावा लागतो. माझ्या शेजारच्या गावातले एक वृद्ध गृहस्थ नळीशिवाय, दोन पावलं लांब उभे राहून कोणता कार्बुरेटर मागे आहे ते सांगतात.

वायरिंगला लोक उगाच भितात. ल्यूकास कंपनीच्या वायरिंगला रंगांची पक्की भाषा आहे: तपकिरी वायरमध्ये बॅटरीचा करंट कायम असतो, पांढरीत चावी फिरवल्यावर येतो, हिरवी फ्यूजमधून येते, काळी म्हणजे अर्थिंग. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं. नव्याने उभ्या केलेल्या गाडीत दिवे मिणमिणतात, इंडिकेटर अडखळतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष वायरचा नसतो, नव्या रंगाचा असतो. या गाडीत करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो. आपण बॉडीला कौतुकाने रंगाचे थर दिलेले असतात, तेच करंटची वाट अडवतात. जिथे काळी वायर बॉडीला बसते, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. आणि १९६७ च्या अखेरीआधीची गाडी असेल तर तिच्या बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, हे विसरून त्यात आजचा रेडिओ जोडू नये.

तारांच्या चाकांची गाडी असेल तर आणखी एक खबरदारी. मधल्या मोठ्या नटाचे आटे डाव्या आणि उजव्या बाजूला उलटसुलट असतात, म्हणजे चाक फिरताना नट घट्ट व्हायची प्रवृत्ती राहते. हब अदलाबदल होऊन बसले, तर तोच नट चालत्या गाडीत सैल होत जातो.

रंग कोणता द्यावा, यावर घराघरांत वाद होतात. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी जपलेल्या आहेत. गाडीचा नंबर कळवला, ठरलेली फी भरली, की ती कोणत्या तारखेला तयार झाली, कुठे पाठवली, तिचा रंग कोणता होता, याचं प्रमाणपत्र मिळतं. माझ्याकडे आली तेव्हा माझी गाडी भडक लाल होती. नोंदीत निघाला फिकट पिवळा, पेल प्रिमरोझ. घरच्यांना लाल आवडत होता आणि तो दिसायलाही देखणा होता. पण दाराच्या आतल्या कडेला लालच्या खाली तो पिवळा सापडला, तेव्हा मी पिवळाच द्यायचं ठरवलं. दुसऱ्या कुणी लाल ठेवला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. पत्र्याच्या बाबतीत मात्र मी एवढा उदार नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते. पुष्कळांनी ही सूट आनंदाने घेतली. मी घेतलेली नाही. माझी एमजीबी दरवर्षी तपासणीला जाते, फी भरून, माझ्या मर्जीने. हौशी माणसाच्या कामावर कुणी वरिष्ठ नसतो. माझं वेल्डिंग मी रोज पाहतो, म्हणूनच त्यातला दोष मला दिसायची शक्यता कमी. तपासणारा माणूस गाडी वर उचलतो, दिवा घेऊन खाली जातो आणि सिलवर, कासल रेलवर, ब्रेकच्या नळ्यांवर हात फिरवतो. त्याला माझी हौस ठाऊक नसते, माझे तासही ठाऊक नसतात. घरी गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकाने, कायदा काहीही म्हणो, वर्षातून एकदा त्या परक्या माणसापुढे आपली गाडी नेऊन उभी करावी, असा माझा आग्रह आहे.