बेग्रामच्या बंद खोल्या

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याला युद्धच आठवतं. त्या भूमीवर हा मोठा अन्याय आहे. तिथल्या बदख्शानच्या खाणींतला निळा लाजवर्द साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियापर्यंत जात होता.

पण दूरदेशांशी असलेल्या अशा संबंधांचा सगळ्यात बोलका पुरावा मिळाला तो काबूलच्या उत्तरेला, बेग्राममध्ये. १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना तिथे बंद करून टाकलेल्या दोन खोल्या सापडल्या. आत रोमन जगातली रंगीत चित्रांची काचपात्रं, चीनची लॅकरची भांडी आणि भारतीय हस्तिदंती कोरीवकाम, सगळं एकत्र! हस्तिदंतात कोरलेल्या, मकरावर उभ्या असलेल्या डौलदार स्त्रिया तर बघतच राहाव्यात अशा.

पुढे यादवी युद्धात काबूलच्या संग्रहालयातून या ठेव्याचा बराच भाग लुटला गेला. त्यातली काही हस्तिदंती शिल्पं २०१२ साली काबूलला परत आली.