वाहत्या कानाकडे कानाडोळा नको



कान वाहू लागला की आपण कोमट तेल घालतो, कापसाचा बोळा लावतो आणि म्हणतो, ‘होईल आपोआप बरा.’ पण पू घाण वासाचा असेल, वारंवार येत असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर हाड कुरतडणारा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. हा कॅन्सर नाही. कानाचा पडदा आत ओढला जातो, तिथे पिशवी तयार होते आणि कातडीचा मळ साठत जातो. ही पिशवी वाढते तशी ऐकण्याची नाजूक हाडे झिजतात. दुखत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.

थेंबांनी पू काही दिवस थांबतो, पण पिशवी आतच राहते. ती काढायला ऑपरेशनच लागते. आधी ऐकण्याची तपासणी होते, बहुतेक वेळा सीटी स्कॅनही होतो. मग सहसा पूर्ण भूल देऊन, कानामागे छेद घेऊन, दुर्बिणीखाली सडलेला भाग साफ करतात.

आमच्या गटातल्या एका ताईला लहानपणापासून हा त्रास होता. ‘ऑपरेशन केलं तर आहे तेही ऐकू यायचं बंद होईल,’ ही तिची भीती. आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी खरे तेच सांगितले : पहिला हेतू आजार काढून कान कोरडा करणे, ऐकू येणे त्यानंतरचे. ते सुधारेलच अशी हमी नाही, थोडा धोकाही आहे. पण तसेच सोडले तर धोका त्याहून मोठा. ताईने विचार करून होकार दिला. गटातून कर्ज दिले आणि तिची पाण्याची पाळी आम्ही वाटून घेतली, कारण ऑपरेशननंतर काही आठवडे ओझे उचलायचे नसते, नाक जोरात शिंकरायचे नसते आणि कानात पाणी जाऊ द्यायचे नसते.

हा आजार परत येऊ शकतो. काहींना दुसरे ऑपरेशनही लागते. म्हणून कान कोरडा झाला तरी तपासणीची तारीख चुकवू नका.

कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, गरगरणे, किंवा तापासोबत जोराची डोकेदुखी आणि उलट्या दिसल्या, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीचे पथक आले, तर वाहता कान आवर्जून दाखवा.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढेच विचारा : कुणाच्या घरी कुणाचा कान वाहतो का? सून, सासू, लेकरू, कुणाचाही. नाव निघाले तर तिला एकटीला पाठवू नका. सोबत जा.