विद्यार्थी आणि गांवचें शिवार

मानवत ही मराठवाड्यांतील कापसाची नांवाजलेली पेठ. भोंवतालच्या काळ्या जमिनींत आतां कपाशीच्या जोडीला सोयाबीनहि पेरतात. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानें अशा गांवीं जाऊन करावें तरी काय?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. तिचें निवासी शिबिर सात दिवसांचें. तेवढ्यांत रस्ते झाडले जातात, शोषखड्डे खणले जातात. परंतु खड्डा गाळानें भरल्यावर तो उपसावयाचा कोणीं, हें ठरल्यावांचून शिबिर उठलें, तर तें काम फार दिवस टिकत नाहीं.

परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या पदवी-अभ्यासक्रमांतील ग्रामीण कार्यानुभव याहून उजवा म्हटला पाहिजे. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी कांहीं आठवडे गांवकऱ्यांच्या सहवासांत काढतो. घरचेंच सोयाबीन बियाण्यासाठीं ठेवणाऱ्या शेतकऱ्यास उगवण तपासावयास शिकविणें हें त्याचें एक साधें काम. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळावयाचे आणि कांहीं दिवसांनीं मोड मोजावयाचे. सत्तर वा अधिक उगवले, तर बियाणें पेरण्याजोगें. थोडे कमी भरले, तर एकरीं प्रमाण वाढवावें. फारच कमी, तर तें पेरूंच नये. खर्च म्हणाल तर जवळजवळ कांहींच नाहीं! आणि निकस बियाण्यापायीं दुबार पेरणीची पाळी आली, तर लहान शेतकऱ्याचें सारें वर्षच बुडतें.

पुढच्या मृगाआधीं घरधनीण तेंच गोणपाट आपण होऊन भिजविते कीं नाहीं, तें पाहावयास मात्र तो विद्यार्थी तेथें नसतो.