पेशीतील पहारेकरी



आपल्या सावंगी (मेघे)शेजारच्या नागपुरात १९६५ साली चांदीपुरा विषाणू सापडला. वाळूमाशी त्याचा प्रसार करते. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ आजारी मुलांपैकी १८३ दगावली.

या विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए आहे. आपल्या पेशीतील संदेशवाहक आरएनएच्या टोकाला टोपी असते. अशा विषाणूच्या आरएनएचे टोक उघडे, तीन फॉस्फेटचे असते. 'रिग-आय' हे प्रथिन ते टोक ओळखते. मग पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते.

परंतु हा रोग एक-दोन दिवसांतच मूल हिरावून नेतो. पहारेकऱ्याला वेळच पुरत नाही. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो : तापात मुलाला झटके आले, तर अंगारे-धुपारे करीत न बसता तडक दवाखाना गाठा; घराच्या भिंतींच्या भेगाही बुजवा.