स्पीकर गटाचा, फोन आपला

आंबागडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

गटाच्या बैठकीत आता फोन एकटा नसतो. माहिती सगळ्यांना ऐकू यावी म्हणून ब्लूटूथ स्पीकर असतो. बँक सखी ताई आल्या, तर त्यांच्या फोनला पावतीचं छोटं प्रिंटर असतं. मग बाया विचारतात, एका फोनला दोन-तीन वस्तू एकदम जोडता येतात का?

येतात. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये एका वेळी सात वस्तूंपर्यंत सोय आहे. फोनप्रमाणे आकडा कमी होतो. प्रिंटरचं काम वेगळं, स्पीकरचं वेगळं, म्हणून दोन्ही सोबत चालतात. पण दोन स्पीकर जोडले, तर बहुतेक फोनमध्ये आवाज एकातूनच येतो. दोन्हींतून आवाज देण्याची सोय काही फोनमध्येच असते.

आता महत्त्वाचं ऐका. फोन आणि स्पीकरची ओळख एकदाच करून द्यावी लागते, त्याला 'पेअर' म्हणतात. त्यानंतर ब्लूटूथ चालू असलं आणि स्पीकर साधारण तीस फुटांच्या आत सुरू केला, की फोन बरेचदा आपोआप जोडला जातो. अशात बँकेचा फोन आला तर? आपण फोन कानाला लावतो आणि आवाज निघतो स्पीकरमधून. थकलेला हप्ता, घरातलं आजारपण, सगळं सपरीत बसलेल्यांना ऐकू जातं. गटात विश्वास असला, तरी कोणती गोष्ट कोणाला सांगायची हे ज्या बाईची गोष्ट आहे तिनंच ठरवावं.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा. स्पीकरच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा. बऱ्याच फोनमध्ये तिथं दोन बटणं दिसतात: 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ'. पहिलं बंद करा, दुसरं चालू ठेवा. माहिती स्पीकरवर वाजेल, बोलणं फोनमध्येच राहील. बटणं नसतील, तर फोन उचलण्याआधी स्पीकर बंद करा.

बैठक संपली, की ब्लूटूथही बंद करा. नाहीतर पुढच्या ताईचा फोन स्पीकरला जुळत नाही आणि सगळ्या म्हणतात, स्पीकर बिघडला!

येत्या बैठकीत करून पाहा. स्पीकर लावा, एकीनं दुसरीला फोन करा, आणि आवाज कुठून येतो ते सगळ्या मिळून ऐका.